नळ आहे, पण पाणी आहे का? गावाच्या मूलभूत गरजा मोजतात कशा

मे महिना, सकाळचे साडेदहा, माझ्या हातात टॅब, आणि समोर एक काकू ओट्यावर बसून लसूण सोलतायत. मी सर्वेवाला. प्रश्न होता, पिण्याच्या पाण्याचं मुख्य साधन कोणतं, आणि खाली ड्रॉपडाउन, नळ, विहीर, हातपंप, टँकर वगैरे. काकू म्हणाल्या, नळ. मी नळावर टिक केलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळणार तेवढ्यात त्यांनीच मानेनं अंगणाकडे खुणावलं, "तो बघ की आमचा नळ." बघतो तर सिमेंटचा एक बुटका खांब, त्यातून वर आलेली तोटी, आणि खांबाला दाव्यानं बांधलेलं वासरू. "दिवाळीपर्यंत येतं पाणी, मग बंद. पण वासराला बरा पडतो हो खांब."

टॅबमध्ये वासराचा ऑप्शन नव्हता. त्यामुळे आमच्या डेटात ते घर 'नळाचं पाणी असलेलं घर' म्हणूनच गेलं, आणि तशी त्या वस्तीत अजून तीसेक घरं.

हे सांगायचं कारण म्हणजे हल्ली बहुआयामी गरिबी, सोशल इंडेक्स, आकांक्षित जिल्हे असे शब्द रोज कानावर पडतात, आणि माझ्या ओळखीतले बरेच जण विचारतात की हे सगळं मोजतात कसं रे, म्हणजे एखादं गाव किंवा वस्ती माणसांच्या मूलभूत गरजा कितपत भागवते हे कोण ठरवतं आणि कशावरून. मी यातला कुणी तज्ज्ञ नाही, दोन-तीन सर्व्यांमध्ये फॉर्म भरलेत आणि नंतर कुतूहल म्हणून वाचत गेलो एवढंच. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये, की वस्तू पोचली का हे मोजणं सोपं असतं म्हणून सगळे तेच मोजतात, आणि गरज भागली का हे मोजायला थोडे कष्ट पडतात म्हणून ते राहून जातं.

आधी जरा मागे जाऊ. आपल्याकडे गरज मोजायची सुरुवात पोटापासून झाली, आणि त्यातलं एक मोठं काम पुण्यातलं आहे. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये हिशोब मांडला की माणसाला दिवसाला २२५० कॅलरी लागतात, तर तेवढं खाणाऱ्या कुटुंबाचा एकूण खर्च किती असतो? उत्तर आलं, १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. पुढे १९७९ मध्ये सरकारी गटानं खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या. दारिद्र्यरेषा दारिद्र्यरेषा म्हणतात ती ही, पोटाला लागणारा उष्मांक आणि त्याला लागणारे पैसे. मग २०११ मध्ये नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात सांगितलं की शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब नाही, तेव्हा जो गदारोळ झाला तो बऱ्याच जणांना आठवत असेल, टीव्हीवर लोक ३२ रुपयांत जेवून दाखवत होते.

आता त्यात आकडा लहान की मोठा यावर भांडण झालं, पण खरी गोची वेगळीच होती. पैशाची रेषा कितीही वर नेली तरी ती फक्त खिसा बघते. आमच्या त्या काकूंच्या घरात दोन मुलं कमावती आहेत, खिशात पैसे आहेत, पण टँकर शेजारच्या गावात वळतो तेव्हा पैसे काय तोटीला लावून पिणार? शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, या गोष्टी एकेकट्यानं विकत घेता येत नाहीत, त्या गावानं मिळून उभ्या कराव्या लागतात किंवा सरकारनं द्याव्या लागतात.

म्हणून दुसरी पद्धत आली, थेट गरजाच मोजायच्या. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या एका संस्थेनं आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं मिळून बहुआयामी गरिबी निर्देशांक काढला, आणि नीती आयोगानं २०२१ पासून त्याचं भारतीय रूप वापरायला घेतलं. नाव अवघड आहे पण आतला हिशोब शाळेच्या प्रगतिपुस्तकाइतका सोपा आहे, फक्त उलटा. समजा एकूण १०० मार्क. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान, तिघांना सारखे, म्हणजे प्रत्येकी ३३ आणि थोडे. आरोग्यात पोषण, बालमृत्यू आणि बाळंतपणातली काळजी. शिक्षणात घरात कुणी निदान सहा वर्षं शिकलंय का आणि शाळेच्या वयाची मुलं शाळेत जातात का. राहणीमानात सात गोष्टी, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँक खातं. जी गोष्ट नाही तिचे मार्क मिळतात, आणि एकूण ३३ च्या वर गेलात की तुम्ही गरीब. शाळेत ३५ ला पास व्हायचो, इथे ३३ ला गरीब, असं लक्षात ठेवा.

एक घर घेऊन बघू. समजा आईचं वजन उंचीच्या मानानं फारच कमी आहे, म्हणजे पोषणाचे साधारण १७ मार्क लागले. चूल लाकडावर, त्याचे पावणेपाच. संडास नाही, पावणेपाच. घर कुडाचं, जमीन मातीची, आणखी पावणेपाच. बेरीज होते ३१ च्या आसपास. म्हणजे हे घर गरीब नाही! आता पाण्याचा नियम असा की सुरक्षित पाणी नसेल, किंवा आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल, तर त्याचेही पावणेपाच. जानेवारीत सर्वेवाला आला तर विहीर भरलेली, दहा मिनिटांत पाणी, घर ३१ वर. तोच सर्वेवाला एप्रिलच्या शेवटी आला तर विहीर आटलेली, पाऊण तास लागतो, घर जवळपास ३६ वर आणि गरीब. घर तेच, आई तीच, चूलही तीच. आता तुम्ही म्हणाल की एवढ्याशा फरकानं काय होतं, पण असं काठावर बसलेलं घर एकच नसतं ना.

तरी पैशाच्या रेषेपेक्षा ही पद्धत खूपच बरी, हे मी मनापासून म्हणतो. कारण यात उघडून बघता येतं की घर कशामुळे गरीब आहे. नीती आयोगाच्या हिशोबानं देशात २०१५-१६ ला जवळपास २५ टक्के लोक असे गरीब होते आणि २०१९-२१ ला १५ टक्क्यांच्या आत आले. आपलं राज्य पहिल्या अहवालात १५ टक्क्यांच्या आसपास होतं. ऐकायला ठीकच वाटतं, पण त्याच अहवालात नंदुरबार जिल्हा बघा, तिथे निम्म्याहून जास्त लोक गरीब. आता नंदुरबारमध्ये धडगाव-अक्कलकुव्याकडे जा, आणि तिथेही एखाद्या गावात मुख्य गाव वेगळं आणि डोंगरावरचा पाडा वेगळा. सरासरी ही गोष्ट अशीच असते, जितकी वरून बघाल तितकी गुळगुळीत.

सरासरी कशी फसवते ते मी एकदा बादली घेऊन बघितलं होतं. जल जीवन मिशनमध्ये ठरलंय की घरातल्या नळाला माणशी रोज ५५ लिटर पाणी आलं पाहिजे. आम्ही काय केलं, २० लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. टाकीजवळच्या पहिल्या घरात बादली दोन मिनिटांत भरली. पाणी येतं पाऊण तास, म्हणजे ४५० लिटर, घरात पाच माणसं, माणशी ९०. मग लाइनीच्या शेवटच्या घरात गेलो, तिथे धार अशी करंगळीएवढी, बादलीला आठ मिनिटं लागली. पाऊण तासात साधारण ११२ लिटर, त्याही घरात पाच माणसं, माणशी बावीस-तेवीस. आता दोघांची सरासरी काढा, ५६ येते. म्हणजे कागदावर ५५ ची अट पूर्ण, शेरा उत्तम! आणि शेवटच्या घरातली सून हंडा घेऊन हातपंपावर उभी. (पहिल्या घरात मोटर लावलेली होती हे सांगायचं राहिलंच, आणि कुणी लावली होती ते आम्ही विचारलं नाही, चहा त्यांच्याकडेच घेतला होता.)

हंड्याचा हिशोब तर प्रत्येकानं एकदा करावा. एक हंडा साधारण १५ लिटरचा धरू. पाच माणसांच्या घराला ५५ च्या हिशोबानं रोज २७५ लिटर, म्हणजे १८ हंडे. डोक्यावर दोन-दोन हंडे घेतले तरी नऊ खेपा. प्रत्यक्षात उन्हाळ्यात बाई सहा हंडे आणते आणि थांबते, कारण पाठ आहे, स्वयंपाक आहे, रोजंदारी आहे. सहा हंडे म्हणजे माणशी १८ लिटर. जगभरात भूकंप-युद्धानंतर जे छावण्यांचे तंबू उभे राहतात त्यांच्यासाठी स्फिअर नावाची एक मानकं आहेत, त्यात माणशी किमान १५ लिटर म्हटलंय. म्हणजे आपल्याकडची काही गावं दर उन्हाळ्यात शांतपणे छावणीच्या पातळीवर जाऊन येतात, आणि गुरांचं पाणी अजून धरलेलंच नाही.

संडासाचंही तसंच. २ ऑक्टोबर २०१९ ला देशाची गावं हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आणि साधारण त्याच काळात, २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९ टक्के घरांनी सांगितलं की आम्ही कुठलाच संडास वापरत नाही. त्याआधीच्या पाहणीत हे ३९ टक्के होते, म्हणजे सुधारणा खरी आणि मोठी आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. पण बांधलेला संडास आणि वापरातला संडास यात फरक राहतोच. मी आत डोकावून बघायचो, सर्व्यात ते सांगितलेलं नव्हतं तरी. सरपण, खताची पोती, एकदा तर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. वापरात आहे का हे विचारून कळत नाही, सगळे हो म्हणतात. दाराची कडी आतून गंजलीये का बघा, आत टमरेल किंवा बादली आहे का बघा, वाट मळलेली आहे का बघा, लगेच कळतं.

शहरात आकडे वेगळे, दुखणं तेच. समजा वस्तीत एका सीटमागे ५० माणसं. प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तर २५० मिनिटं, चार तासांहून जास्त, आणि सगळ्यांना हवंय सकाळी सहा ते आठमध्ये. मुंबईत तर बायकांना मुताऱ्यांसाठी वेगळी चळवळ करावी लागली, कारण पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे. सर्व्यात मात्र 'सार्वजनिक शौचालय उपलब्ध' अशी टिक होते.

आता हे झालं मोजण्याचं. पण गरज म्हणजे काय हे आधी ठरवलं कुणी? मॅनफ्रेड मॅक्स-नीफ नावाचे चिलीचे एक अर्थतज्ज्ञ होते, त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली जी मला फार पटते. गरज वेगळी आणि गरज भागवायचं साधन वेगळं. त्यांच्या मते माणसाच्या गरजा मोजक्या, नऊच, आणि सगळीकडे सारख्या, त्यात पोटापाण्याबरोबर सुरक्षितता, माया, समज, चार लोकांत मत असणं, निवांतपणा, नवीन काही करणं, आपली ओळख आणि स्वातंत्र्य हेही येतं. साधनं मात्र जागेप्रमाणे बदलतात. यावर मला एक आजी आठवतात. आम्ही गावात चिंचोक्यांचा खेळ घेतला होता, प्रत्येकाला दहा चिंचोके, जमिनीवर खडूनं चौकोन, पाणी, दवाखाना, शाळा, रस्ता, एसटी, रेशन असे, आणि ज्याची जास्त गरज तिथे जास्त चिंचोके ठेवायचे. आजींनी दहापैकी सात एसटीवर ठेवले. पोरं हसली, म्हातारीला कुठं फिरायचंय म्हणून. आजी म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या तालुक्याला फुकट मिळतात, जायला रिक्षाला दीडशे लागतात." म्हणजे आजींची गरज आरोग्य, साधन एसटी. आमच्या फॉर्मवर 'आरोग्य' या पानावर एसटीचा उल्लेख कुठेच नव्हता.

निवांतपणाला गरज म्हटलं की लोकांना गंमत वाटते. पण २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्व्यात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. पाच तास! हे कुठल्याही गावाच्या विकास आराखड्यात दिसत नाही.

अशी लोकांना सोबत घेऊन पाहणी करायची पद्धत ऐंशी-नव्वदच्या दशकात बरीच पसरली, रॉबर्ट चेंबर्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाचं नाव त्यात घेतलं जातं, आणि भारतात तर ती खूपच वापरली गेली. आपल्याकडे गावफेरी, रांगोळीचा नकाशा, चिंचोके, हे सगळं त्यातलंच. यात एक बारीक गोष्ट कळली की पुरुषांचा नकाशा आणि बायकांचा नकाशा वेगवेगळा काढून घ्यायचा. पुरुषांनी काढला तर मधोमध देऊळ, ग्रामपंचायत, रस्ता, चावडी. बायकांनी काढला तर विहीर, अंगणवाडी, गिरणी, आणि संध्याकाळनंतर ज्या वाटेनं जायचं नाही ती वाट. एकत्र बसवलं तर पहिलाच नकाशा येतो.

मग लोकांना विचारलं की झालं का? नाही, आणि यासाठी गडचिरोलीचं उदाहरण बघायलाच हवं. डॉ. राणी आणि अभय बंग १९८६ मध्ये तिथे गेले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. त्रास होतोय असं निम्म्याहून थोड्या जास्त बायकांनी सांगितलं, ५५ टक्के. तपासल्यावर स्त्रीरोग निघाले ९२ टक्के बायकांना. आणि याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे नुसतं विचारून थांबले असते तर एवढं दुखणं दिसलंच नसतं, कारण अंगावर काढायची सवय इतकी की बाईला ते दुखणं वाटतच नाही, बाईच्या जन्माचा भाग वाटतो. ज्याला कधी मिळालंच नाही तो मागणार तरी काय.

पण त्याच गडचिरोलीतली उलटी बाजूही ऐका. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत म्हणून विचारलं, तर कळलं की मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यातली माणसं बघून मेलेल्याला गुंडाळतात ते कापड आठवतं, सोबतच्या माणसांना राहायला जागा नसते, आणि तिथे देव नसतो. मग बंग दांपत्यानं तिथल्या आपल्या शोधग्राममधला दवाखाना गावासारखा बांधला, झोपड्यांसारख्या खोल्या, नातेवाइकांसह राहायची सोय, आणि नाव माँ दंतेश्वरीचं, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या देवीचं. ही गोष्ट कुठल्या रक्त तपासणीत सापडली असती? खाटा किती आणि डॉक्टर किती हे मोजून तर नाहीच. एक गोष्ट तपासून कळली आणि दुसरी विचारून, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. मला कुणी विचारलं की मोजायचं की विचारायचं, तर मी हेच सांगतो.

आता मोजून पुढे काय, हा खरा वैतागाचा भाग. बहुतेक सर्व्यांचा डेटा वर जातो आणि खाली काहीच येत नाही. काकूंच्या गावात आम्ही तीन वर्षांत तिसरे सर्वेवाले होतो. याला अपवाद बघायचा तर नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगरचं, हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथे दर वर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, आणि ते गावसभेत सगळ्यांसमोर वाचतात. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरलं त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. पाऊस कमी तर पीक बदला. ऊस-केळी नाही, शेतीला बोअर नाही. तिथे आकडा गावातच राहतो आणि त्याच हंगामात कामाला लागतो, एवढाच फरक आहे पण केवढा मोठा.

तुमच्या गावातही जागा आहे याला. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दर वर्षी होतो, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचा नियम आहे, जी बऱ्याच ठिकाणी सह्यांच्या रजिस्टरपुरतीच होते. तिथे बादली आणि स्टॉपवॉचचा कागद घेऊन जा. 'आमच्याकडे पाणी येत नाही' या वाक्याला ग्रामसेवक रोज सरावलेला असतो, 'शेवटच्या सहा घरांत बादलीला आठ मिनिटं लागतात, ही घरांची यादी' याला उत्तर द्यावंच लागतं, निदान तारीख तरी.

आणि करायचंच असेल तर थोडं अनुभवावरून सांगतो. मे महिन्यात करा, डिसेंबरमध्ये सगळीच गावं छान दिसतात. सुरुवात लाइनीच्या, रस्त्याच्या, वस्तीच्या शेवटच्या घरापासून करा, सरपंचाच्या ओट्यावरून नको, तिथे चहा होतो आणि अर्धा दिवस जातो. अकरा वाजता गेलात तर घरी फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतात, म्हणून सकाळी सहा किंवा संध्याकाळी सातनंतर. घरात कोण शेवटी जेवतं हे विचारा, पण सगळ्यांसमोर नको. फॉर्ममध्ये शेऱ्याची जागा मोठी ठेवा, वासरू तिथेच मावतं. आणि स्वतःची पाण्याची बाटली भरून न्या, त्या सहा हंड्यांतलं मागू नका. त्या देतीलच, नाही म्हणणार नाहीत.